ग्रॅपलची निवड: झुडपं आणि ओंडके हटवण्याच्या कामाच्या नोंदी

४ ऑक्टोबर

रानाचा मागचा तुकडा मोकळा करायचं काम हाती घेतलंय. आज भावाला घेऊन सगळा तुकडा पायी फिरलो. ट्रॅक्टरच्या लोडरला (पुढचे उचलायचे हात) बसवायचा ग्रॅपल, म्हणजे माल वरून दाबून धरणारा जबडा, कुठला घ्यायचा हे ठरवण्याआधी त्याने काय उचलायचंय ते नीट पाहायला हवं होतं.

माल तीन तऱ्हेचा आहे. सगळ्यात जास्त काटेरी झुडपं, कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंत वाढलेली आणि एकमेकांत गुंतलेली. एक ओढलं की शेजारची चार हलतात. त्यानंतर वाऱ्याने पडलेली झाडं. ती करवतीने तोडून तीन-तीन मीटरचे ओंडके करता येतील, फांद्या वेगळ्या निघतील. तिसरा प्रकार म्हणजे जुने बुडखे.

बुडख्यांचा निकाल आजच लावला. ते उपटायचे नाहीत. जमिनीलगत कापायचे आणि कुजू द्यायचे. छोट्या ट्रॅक्टरच्या लोडरने बुडखा उपसायला गेलं की मुळाऐवजी लोडरचा हातच वाकायची पाळी येते. एका कडेच्या दातात मूळ अडकतं, ट्रॅक्टर मागून रेटत राहतो आणि सगळा पीळ एकाच हातावर येतो. हे काम एक्स्कॅव्हेटरचं आहे. बुडखे यादीतून गेल्यावर निवड बरीच सोपी झाली, कारण बाजारातले जाडजूड ग्रॅपल मुख्यतः मुळं खणण्यासाठीच बनवलेले असतात.

आत्तापर्यंत बकेटने आणि फोर्कने, म्हणजे पुढच्या दोन आडव्या सुळ्यांनी, भागवत होतो. बकेटमध्ये झुडूप राहत नाही. उचललं की अर्धं बाहेर लोंबतं आणि वळताना चाकाखाली येतं. फोर्कवर ओंडका साखळीने बांधून नेता येतो, पण त्यासाठी दर खेपेला सीटवरून उतरा, बांधा, चढा, पुन्हा उतरा, सोडा. वरून दाबून धरणारा जबडा हवा तो यासाठीच.

७ ऑक्टोबर

ओंडक्यांच्या वजनाचा हिशेब केला. ओल्या लाकडाचं वजन बहुतेक जातींत घनमीटरला ८०० ते ११०० किलोच्या दरम्यान भरतं, म्हणून सोयीसाठी १००० धरलं. तीन मीटर लांबीचा, ३० सेंमी व्यासाचा ओंडका सुमारे २१० किलो. तेवढ्याच लांबीचा ४० सेंमीचा सुमारे ३७५ किलो. ५० सेंमीचा थेट ५९० च्या आसपास.

व्यास थोडा वाढला की वजन किती झपाट्याने चढतं ते या आकड्यांत दिसतं. व्यास दुप्पट, तर वजन चौपट. डोळ्याला मात्र ४० आणि ५० सेंमीत फारसा फरक जाणवत नाही. म्हणून लाकूड कापतानाच खडूने व्यास लिहून ठेवायचं ठरवलं. जाड बुंध्यांचे तुकडे आखूड करायचे: ५० सेंमीचा ओंडका दीड मीटरचा केला की २९५ किलोवर येतो.

झुडपांचं उलट आहे. ढीग खोलीएवढा दिसला तरी वजन फार नसतं. तिथे प्रश्न वजनाचा नसून जबडा किती उघडतो आणि किती माल कवेत घेतो याचा आहे.

११ ऑक्टोबर

लोडरची पुस्तिका काढून बसलो. ग्रॅपल निवडायचा असेल तर ट्रॅक्टरच्या हॉर्सपॉवरकडे पाहून काही कळत नाही. लोडर किती उचलतो ते पाहायचं, आणि तेही कुठे मोजून उचलतो ते.

आमच्या पुस्तिकेत दोन आकडे आहेत. पिनांपाशी, म्हणजे अवजार लोडरच्या हातांना जोडलं जातं तिथे, पूर्ण उंचीवर ६०० किलो. पिनांच्या ५०० मिमी पुढे, पूर्ण उंचीवर ४५० किलो. जाहिरातीत नेहमी पहिला आकडा असतो. पण पिनेवर कधीच काही टांगलेलं नसतं, माल पुढेच असतो. म्हणून कामाचा आकडा दुसरा. त्यातही ग्रॅपलचे खालचे दात लांब असले तर ओंडका ५०० मिमीच्याही पुढे जाऊन बसतो आणि क्षमता आणखी घटते.

या ४५० मधून ग्रॅपलचं स्वतःचं वजन वजा होतं. प्रत्येक उचलीला होतं, मोकळा नेला तरी होतं. तीन ग्रॅपल समोर ठेवून पाहिले. सहा फुटी, दुहेरी जबड्याचा, ३१० किलोचा: उरतात १४० किलो. म्हणजे तीन मीटरचा ३० सेंमीचा ओंडकाही पूर्ण उंचीवर जाणार नाही. पाच फुटी, दुहेरी जबड्याचाच पण हलक्या बांधणीचा, २१० किलो: उरतात २४०. साडेचार फुटी, एका जबड्याचा, १४० किलो: उरतात ३१०.

हिशेब ढोबळ आहे. ग्रॅपलचं वजन पिनांच्या जवळ पडतं आणि मालाचं लांब, त्यामुळे नेमके आकडे थोडे सरकतील. शिवाय पूर्ण उंचीपेक्षा खाली लोडर जास्त उचलतो, आणि आम्हाला ओंडके गुडघ्याएवढ्या उंचीवरूनच न्यायचे आहेत. तरीही तिन्हींतला क्रम बदलत नाही. जो ग्रॅपल दिसायला सगळ्यात दणकट, तो या लोडरवर सगळ्यात कमी काम करणार.

स्किड स्टीअरवाल्यांचा, म्हणजे जागच्या जागी वळणारं छोटं लोडर यंत्र चालवणाऱ्यांचा, सल्ला ऐकताना एक भान ठेवावं लागतं. चाकांच्या स्किड स्टीअरची क्षमता यंत्र पुढे कलंडायला जेवढं वजन लागतं त्याच्या ५० टक्के धरतात, पट्ट्यांच्या यंत्राची ३५ टक्के. ट्रॅक्टर लोडरचा आकडा कलंडण्यावरून काढलेला नसतो. हायड्रॉलिक किती रेटेल यावरून काढलेला असतो. त्यामुळे दोघांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणं चूक, आणि त्यांच्या यंत्राला शोभणारा ३०० किलोचा ग्रॅपल आपल्यालाही चालेल असं समजणं त्याहून चूक.

१५ ऑक्टोबर

पाऊस. काम बंद. लोडरची जोडपट्टी मोजून घेतली. स्किड स्टीअरची सर्वमान्य पट्टी आहे, आयएसओ २४४१० ची. बरं झालं, कारण काही ट्रॅक्टरांना कंपनीची स्वतःची जोडणी असते, काहींना युरो जोडणी, आणि मग ग्रॅपल आवडूनही बसत नाही.

१९ ऑक्टोबर

आज वेगवेगळ्या घडणीचे ग्रॅपल प्रत्यक्ष पाहिले. चित्रात सगळे सारखेच वाटतात. जवळ उभं राहून खालच्या दातांचा आकार पाहिला की कुठला कशासाठी आहे ते उमगतं.

मुळांचा ग्रॅपल कमानदार असतो. खालचे दात पुढे वळत वर येतात, त्यामुळे मातीत टोक घुसवून फिरवता येतं. ओंडका त्या कमानीत मागे सरकून बसतो, म्हणजे पिनांजवळ, आणि ते लोडरला सोयीचं. पण सपाट जमिनीवरून झुडपाखाली सरकवायला ही कमान अडचणीची. टोकं एक तर मातीत रुततात, नाहीतर झुडपावरून घसरतात.

झुडपांच्या ग्रॅपलचे खालचे दात जवळजवळ सपाट आणि लांब, मागे सरळ उभी पाठ. जमिनीला समांतर ठेवून ढिगाखाली सरळ सारता येतो. ढीग त्यावर बसतो आणि वरचा जबडा त्याला पाठीवर दाबतो. याचा दोष म्हणजे दात लांब, म्हणून माल पिनांपासून दूर. आणि लांब दात खणण्यासाठी वापरले तर वाकतात.

बकेट ग्रॅपल, म्हणजे बंद तळाच्या बकेटवर जबडा बसवलेला, आमच्या कामाचा नाही. झुडपाबरोबर येणारी माती त्यात साचते. आम्हाला फांद्या पुढे चिपरमध्ये, म्हणजे फांद्यांचे बारीक तुकडे करणाऱ्या यंत्रात, घालायच्या आहेत, आणि माती-खडे लागलेल्या फांद्या चिपरच्या पात्यांची धार बघता बघता घालवतात. दातांमध्ये मोकळी जागा हवी ती त्यासाठीच. १५ ते २० सेंमी अंतर असलं तर माती आणि दगड खाली पडतात, माल वर राहतो. त्याहून जास्त अंतर असलं की मनगटाएवढी लाकडंही निसटतात.

लाकडांचा खास ग्रॅपलही पाहिला: दोन वाकडे हात, एकमेकांना ओलांडून मिटणारे, वर फिरता सांधा. एकेकटा ओंडका उचलून ट्रेलरवर नीट रचायला याच्यासारखं साधन नाही. हात एकमेकांपलीकडे जातात, म्हणून बारीक खोडही घट्ट धरतो. पण झुडपांचा ढीग त्याच्या कवेत मावत नाही, आणि आमचं तीन चतुर्थांश काम झुडपांचं.

तेव्हा सपाट तळाचा, पण दात मध्यम लांबीचे. तळाची लांबी ७५ सेंमीच्या आसपास असावी असं मनाशी धरलं.

२३ ऑक्टोबर

एक जबडा की दोन, यावर भावाशी बराच वेळ बोलणं झालं. त्याचं म्हणणं, "दादा, ढीग कधी सारखा नसतो. एका बाजूला जाड खोड आलं की एकच जबडा तिथे टेकणार आणि दुसरीकडचं सगळं सुटणार."

मुद्दा खरा आहे. दोन स्वतंत्र जबडे असले की दोन्ही सिलिंडरांना तेल एकाच वाटेने मिळतं. जो आधी अडतो तो थांबतो, तेल दुसऱ्याकडे वळतं, आणि तो त्याच्या बाजूचा माल दाबेपर्यंत मिटत राहतो. म्हणून दुहेरी जबड्याच्या ग्रॅपलवर तेल समान वाटणारा व्हॉल्व्ह बसवायचा नसतो. बसवला तर दोघे एकाच चालीने मिटतील आणि स्वतंत्र असण्याचा अर्थच जाईल.

पण हा फायदा रुंदीबरोबर वाढतो. सहा फुटी ग्रॅपलच्या दोन टोकांना जाड-बारीक माल पडणं रोजचंच, तिथे दुहेरी जबडा घ्यावाच. साडेचार फुटांत मधोमध बसवलेला रुंद जबडा बहुतेक ढीग बऱ्यापैकी दाबतो. दुसऱ्या जबड्यामुळे लोखंड, सिलिंडर, पिना आणि होज मिळून वजन वाढतं, ते आमच्या ३१० किलोंतून जाणार. एक जबडा पक्का केला.

रुंदीचा विषय इथेच निघाला. ट्रॅक्टरची बाहेरची रुंदी पाच फुटांच्या थोडी वर आहे. ग्रॅपल त्याहून अरुंद असला की चाकासमोरची वाट साफ होत नाही, आणि तिरपे कापलेले खुंट टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसतात. बाजूची भिंत फाटली की ठिगळ टिकत नाही. ही उणीव मान्य करून तिच्यावर उपाय ठरवला: झुडूप कापताना खुंट सपाट आणि जमिनीलगत कापायचे, आणि ट्रॅक्टर न्यायच्या आधी भावाने वाट चालून पाहायची. रुंद ग्रॅपल घेऊन कडेच्या दातावर जोर आणण्यापेक्षा हे परवडलं. मधल्या रेषेपासून दात जेवढा लांब, तेवढा पीळ जास्त.

२६ ऑक्टोबर

तेलाचा हिशेब. याकडे लोक पाहत नाहीत आणि मग ग्रॅपल सुस्त निघाला म्हणून कुरकुरतात.

आमच्या पंपाचा लोडरसाठीचा प्रवाह मिनिटाला २४ लिटर, दाब १७० बार. ५० मिमी बोअर (आतला व्यास) आणि २५० मिमी स्ट्रोकच्या (रॉडची धाव) सिलिंडरला पूर्ण बाहेर यायला अर्धा लिटरभर तेल लागतं. २४ लिटर म्हणजे सेकंदाला ४०० मिलि, म्हणजे सव्वा सेकंदात जबडा मिटतो. आता मोठ्या यंत्रासाठी बनवलेला ग्रॅपल घेतला, ७५ मिमी बोअरचे दोन सिलिंडर, तर तेल लागेल सव्वादोन लिटरच्या आसपास. साडेपाच सेकंद. आणि २४ लिटर हा प्रवाह इंजिन पूर्ण ठरलेल्या फेऱ्यांवर असतानाचा आहे. ढिगाजवळ आपण एवढा वेग ठेवत नाही. फेऱ्या कमी केल्या की प्रवाह त्याच प्रमाणात घटतो आणि तेच मिटणं आठ-नऊ सेकंदांवर जातं. दिवसभर प्रत्येक उचलीला एवढा वेळ थांबणं नकोसं होतं.

छोट्या सिलिंडरची पकड कमी पडेल का? ५० मिमी बोअरवर १७० बार दाबाने साधारण ३४०० किलोचा जोर येतो. जबड्याच्या सांध्यापासून सिलिंडर २० सेंमीवर आणि दाताचं टोक ८० सेंमीवर धरलं, तर टोकाशी त्याचा चौथा हिस्सा, ८५० किलो. ३०० किलोचा ओंडका धरायला हे भरपूर आहे. याहून जास्त जोर हलक्या जबड्यावर लावला तर जबडाच पिळवटेल.

सिलिंडरला लॉक व्हॉल्व्ह हवा, ही अट लिहून ठेवली. होज फुटला किंवा कंट्रोल व्हॉल्व्हमधून तेल झिरपलं तरी जबडा मिटलेला राहतो.

३० ऑक्टोबर

जबड्याला तेल द्यायची वाट कुठून काढायची? लोडरच्या लिव्हरला दोनच कामं असतात, हात वर-खाली आणि बकेट आत-बाहेर. तिसऱ्या कामासाठी तीन रस्ते.

मागच्या रिमोटमधून, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या तेलाच्या जोडातून, लांब होज पुढे आणणं सगळ्यात सोपं. पण मग जबडा चालवायला एक हात मागच्या किंवा बाजूच्या लिव्हरकडे जातो. एका हातात स्टिअरिंग, लोडरच्या लिव्हरला हातच उरत नाही. उतारावर ओंडका घेऊन असताना हे मला पटत नाही.

डायव्हर्टर व्हॉल्व्ह बकेट फिरवायचं तेल बटण दाबल्यावर जबड्याकडे वळवतो. सुटसुटीत, होज कमी. पण जबडा मिटताना ग्रॅपल फिरवता येत नाही. झुडूप उचलताना हाताला दोन्ही एकदम हवं असतं: तळ मागे वळवत न्यायचा आणि वरून दाबत जायचं. नाहीतर ढीग पुढे घरंगळतो.

तिसरा रस्ता स्वतंत्र थर्ड फंक्शन व्हॉल्व्हचा. पंपाकडून येणाऱ्या वाटेवर बसतो, लिव्हरच्या मुठीवर दोन बटणं, एक उघडायला आणि एक मिटायला. बसवायला वेळ लागतो, पण हेच घ्यायचं. ग्रॅपलमध्ये हात आखडता घेतला तरी चालेल, इथे नाही.

२ नोव्हेंबर

ठरवलेल्या मापाचे ग्रॅपल जवळून तपासले. रंगाखाली काय आहे ते पाहायची काही ठिकाणं आहेत.

पिना. जबड्याच्या मुख्य सांध्यावर पिन पंचविशीतली तरी हवी, म्हणजे २५ मिमी किंवा जास्त, बुश (पिनेभोवतीची झिजणारी नळी) बदलता येणारं आणि ग्रीस निपल पिनेच्या टोकाला दडवलेलं. निपल बाहेर उभं असलं की पहिल्याच फांदीने तुटतं. एका ग्रॅपलला बुशच नव्हतं, पिन सरळ पत्र्याच्या भोकात. भोक अंडाकृती झालं की जबडा कायमचा डगमगणार.

सिलिंडरचा रॉड. जबडा मिटलेला असताना, म्हणजे माल धरलेला असताना, रॉड बाहेर आलेला असतो आणि फांद्याही तेव्हाच वर उडतात. रॉडला ओरखडा पडला की सील जातं. वरून जाड पत्र्याचं आच्छादन हवंच. होज जबड्याच्या मधल्या पोकळीतून नेलेले हवेत.

पोलाद. दातांना उच्च ताकदीचं पोलाद असलं तर १० मिमी जाडीत साध्या पोलादाच्या बऱ्याच जाड पट्टीचं काम होतं आणि वजन वाचतं. आम्ही वजनाच्या मागे आहोत, म्हणून हलकं पण चांगल्या पोलादाचं. दातांना आडव्या नळीने किंवा पट्टीने एकमेकांशी बांधलेलं असावं. सुटा लांब दात कडेने ढकलला की वाकतो.

वेल्डिंगच्या मिस्त्रींना बरोबर नेलं होतं. त्यांनी जोडपट्टी आणि पाठ जिथे मिळतात तिथे बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, दात मोडला तर मी उभा करून देईन. इथली शिवण उसवली तर आख्खी पाठ सोडवावी लागेल." मग सगळ्या ग्रॅपलांचा तोच कोपरा पाहिला. काहींत वेल्ड पट्टीच्या टोकाशी अचानक संपलेला होता. आम्ही निवडलेल्यात तो कोपऱ्याला वळसा घालून मागे आणलेला आहे आणि आत त्रिकोणी आधार दिलाय.

५ नोव्हेंबर

ठरलं. साडेचार फुटी, सपाट तळ, एक रुंद जबडा, १४० किलो, एकच ५० मिमीचा सिलिंडर, जबडा उघडल्यावर टोकांमधलं अंतर मीटरभर. पूर्ण मिटल्यावर वरचे दात खालच्या दातांच्या फटीत जातात, म्हणून बारीक काटकीही धरता येईल.

१४ नोव्हेंबर

थर्ड फंक्शन बसवून झालं. व्हॉल्व्ह लोडरच्या उजव्या खांबाशी, होज आडव्या नळीबरोबर पट्ट्यांनी बांधून पुढे. लोडर पूर्ण वर, पूर्ण खाली, ग्रॅपल पूर्ण आत, पूर्ण बाहेर, अशा सगळ्या टोकांना नेऊन होज कुठे ताणतो का, कुठे चिमटतो का ते पाहिलं. ग्रॅपल पूर्ण बाहेर फिरवल्यावर एक होज ताणत होता, त्याला हातभर ढील दिली.

कपलर, म्हणजे होज जोडायचे-सोडायचे जोड, सपाट तोंडाचे, आयएसओ १६०२८ चे घेतले. झाडोऱ्यात धूळ-पाचोळा उडतोच, आणि सपाट तोंड फडक्याने एका पुसण्यात साफ होतं. खोलगट कपलरमध्ये कचरा अडकून तेलात जातो.

गळती पाहायला पुठ्ठा वापरला, हात नाही. बारीक छिद्रातून निघालेली १७० बारची तेलाची धार दिसतही नाही आणि कातडीतून आत शिरते. वरून टोचल्याएवढी खूण, आत हात निकामी करणारी इजा. असं झालं तर दुखायची वाट न पाहता तडक शस्त्रक्रियेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठायचं. भावालाही हे नीट सांगितलं.

१६ नोव्हेंबर

मागचं वजन. माझ्या मते ग्रॅपलच्या निवडीतला हा अर्धा भाग आहे आणि सगळ्यात दुर्लक्षित.

ग्रॅपल १४० आणि ओंडका ३००, मिळून ४४० किलो, पुढच्या ॲक्सलच्या सुमारे १.४ मीटर पुढे. दोन ॲक्सलमधलं अंतर १.६ मीटर. तराजूच्या नियमाने मागच्या ॲक्सलवरून ३८५ किलो उचलले जातात आणि पुढच्या ॲक्सलवर ८२५ किलो वाढतात. मागची चाकं हलकी झाली की ब्रेकही हलके, कारण या ट्रॅक्टरला ब्रेक मागच्या चाकांनाच आहेत. उतारावर त्याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको.

थ्री-पॉइंटवर, म्हणजे मागच्या अवजारं जोडायच्या तीन हातांवर, ३२० किलोची काँक्रीटची पेटी लावली, मागच्या ॲक्सलच्या मीटरभर मागे. ती पुढच्या ॲक्सलवरून २०० किलो काढते आणि मागे ५२० घालते. टायरमध्ये पाणी भरूनही मागे वजन वाढतं, पण ते ॲक्सलवरच बसतं, पुढच्या ॲक्सलचा भार कमी करत नाही. पुढच्या ॲक्सलचे सील आणि बेअरिंग वाचवायचे असतील तर वजन ॲक्सलच्या मागे हवं.

१७ नोव्हेंबर

पहिला दिवस झुडपांचा. जमीन ओलसर, पण रुतत नव्हती.

पद्धत बसायला थोडा वेळ गेला. मुळाशी कापून ठेवलेल्या झुडपांच्या रांगेला बुंध्याकडून भिडायचं. तळ जमिनीपासून बोटभर वर, दात किंचित खाली कललेले. पुढे सरकत गेलं की बुंधे दातांवर चढतात आणि शेंडे आपोआप मागे ओढले जातात. शेंड्याकडून गेलं की फांद्या दबतात आणि ग्रॅपल वरून घसरतो. ढीग पाठीला टेकला की जबडा अर्धा मिटायचा, थोडं मागे वळवायचं, मग पूर्ण मिटायचं. फुगलेला ढीग चेपला जाताना कडकड आवाज येतो आणि बघता बघता निम्म्या उंचीवर येतो. उचलून जागेवरच दोन-तीन हलके झटके दिले की माती दातांतून झडते. चिपरकडे गेलेला माल हाताने चाळावा लागला नाही.

काही फांद्या वाकून दुसऱ्याखाली अडकलेल्या होत्या. वरचं ओझं उचललं की त्या उसळतात. भाऊ ढिगापासून लांब, माझ्या नजरेत उभा राहणार आणि ग्रॅपल जमिनीला टेकल्याशिवाय जवळ येणार नाही, हा नियम सकाळीच ठरवला होता.

२१ नोव्हेंबर

ओंडके. खडूचे आकडे फार उपयोगी पडले. ४० सेंमीचा पूर्ण लांबीचा ओंडका गुडघ्याएवढ्या उंचीवर आला, त्याहून वर न्यायचा प्रयत्नही केला नाही. लोडर खाली ठेवूनच ढिगापर्यंत नेला. एका ठिकाणी चाकाखाली खळगा आला तेव्हा भाऊ लांबून ओरडला, "दादा, मागचं चाक हलकं होतंय, खाली घे!" ओंडका जमिनीवर टेकवला, चाक बसलं, मग वाट बदलून गेलो.

लांब ओंडका आडवा नेताना दोन्ही टोकं ट्रॅक्टरच्या बाहेर जातात. एक टोक उभ्या झाडाला लागलं की लोडर पिळवटतो, म्हणून वाट आधी मोकळी केली आणि वेग चालण्याएवढा ठेवला. मधोमध पकडायचं ते लांबीच्या मध्यावर नाही, वजनाच्या मध्यावर. बुंध्याकडचा भाग जड, म्हणून पकड त्या बाजूला थोडी सरकलेली हवी. थोडं उचलून बघायचं, कललं तर खाली ठेवून पुन्हा धरायचं.

ओंडका घेऊन ग्रॅपल कधीही उंच आणि मागे वळवलेला ठेवायचा नाही. पकड सुटली तर तो लोडरच्या हातांवरून घरंगळत थेट चालवणाऱ्याकडे येतो. मागची रोल-ओव्हर फ्रेम ट्रॅक्टर उलटला तर वाचवते, समोरून येणाऱ्या ओंडक्यापासून नाही. फ्रेम उभी, बेल्ट लावलेला, आणि ओंडका कायम बॉनेटच्या खाली.

बारीक ओंडके दोन-तीन मिळून धरताना एक जबडा कमी पडतो, हे दिसलं. जाड ओंडका मधे असला की कडेचे बारीक ढिले राहतात. सारख्या जाडीचे एकत्र धरले की अडचण येत नाही. भावाने कापतानाच जाडीप्रमाणे ढीग वेगळे करायला घेतले.

२९ नोव्हेंबर

ग्रॅपल काढून बकेट लावली होती. आज पुन्हा जोडताना कपलर बसेना. ग्रॅपल दिवसभर उन्हात होता, आतलं तेल तापून फुगलं आणि दाब अडकला. ग्रॅपलच्या बाजूचा एक जोड सावकाश सैल केला, चिंधी गुंडाळून, चष्मा लावून, तोंड बाजूला ठेवून. थेंबभर तेल आलं आणि कपलर सहज बसला. ट्रॅक्टरच्या बाजूला दाब अडकला तर इंजिन बंद, चावी चालू आणि दोन्ही बटणं आळीपाळीने दाबायची. विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला चावी बंद असताना बटण दाबून उपयोग नाही. यापुढे ग्रॅपल सावलीत ठेवायचा आणि काढण्यापूर्वी दाब सोडायचा.

६ डिसेंबर

तपासणी केली. खालचे दात सरळ. जबड्याच्या सांध्यात खेळ नाही. रॉडच्या आच्छादनावर खोल ओरखडे, रॉड स्वच्छ. पाठीचा तो कोपरा ब्रशने घासून पाहिला, कुठे केसाएवढी चीर नाही. जोडपट्टीच्या खुंट्यांत पाचोळा घट्ट बसला होता, तो काढला. खुंटी पूर्ण खाली गेली नाही तर ग्रॅपल एका बाजूने सुटू शकतो, म्हणून हे रोज पाहायचं. ट्रॅक्टरच्या पोटाखाली एक वायर फांदीने ओढली गेली होती. तिथे पत्र्याचं संरक्षण करायला मिस्त्रींना माप दिलं.

ओढ्याकडच्या कडेचा पट्टा अजून बाकी आहे. तिथे उतार जास्त, म्हणून ट्रॅक्टर न नेता वरून दोराने ओढून माल सपाटीवर आणायचा आणि मग ग्रॅपलने उचलायचा. ग्रीस सगळ्या निपलांना दिलं.